पोटाला पट्टा

गेल्या श्रावणात घर आवरायला काढलं. गच्चीवरचा गंजलेला कूलर, दोन मोडक्या खुर्च्या आणि खिडकीचं जुनं ग्रिल टेम्पोत घालून मी चिखलीच्या रस्त्यावरच्या एका भंगारवाल्याकडे गेले. पाऊस नुकताच थांबला होता. दुकान म्हणजे वर चार पत्रे आणि पुढे मोकळं अंगण. अंगणात चिखल, डबक्यांवर ऑइलचे रंगीत तवंग, एका अंगाला जड लोखंडाचा ढीग आणि दुसऱ्या अंगाला पत्र्याचा, कारण दोन्हींचा भाव वेगळा. माझं ग्रिल काट्यावर चढत होतं तेवढ्यात पत्र्याच्या ढिगावर एका मोटरसायकलची टाकी दिसली. उजव्या बाजूला मूठ मावेल एवढा पोचा, झाकण गायब, आत पावसाचं पाणी. बाजूच्या रंगाचे पोपडे निघाले होते, पण गाडी कोणती ते मी लगेच ओळखलं. मी बघतेय हे पाहून दुकानातला माणूस म्हणाला, "अ‍ॅक्सिडेंटची गाडी होती ताई. इंजिन गेलं, चाकं गेली, ही पडून राहिली. तुमच्या गाडीला बसायची नाही." तरी त्याने ती उचलली, पाणी ओतून टाकलं आणि न सांगताच काट्यावर ठेवली. चार किलो सातशे ग्रॅम. "दीडशे द्या," तो म्हणाला.

मी घेतली नाही. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता आणि चेपलेली टाकी घेऊन घरी जायचं तर घरच्यांना काय सांगायचं, हे मला सुचेना. कूलरचे पैसे घेतले आणि निघाले. नंतर आठवडाभर भांडी घासताना, बसची वाट बघताना ती टाकी डोळ्यांपुढे येत राहिली.

त्या टाकीत विक्रांत होती.

२०१४ साली विक्रांत, आपल्या नौदलाची जुनी विमानवाहू बोट, तोडली गेली. तिच्या पोलादातलं काही बजाजने घेतलं, वितळवून नव्या पोलादात मिसळलं आणि २०१६ मध्ये त्याची टाकी असलेली मोटरसायकल काढली. तेव्हा माझे बाबा लालबागच्या चाळीतच राहत होते. खालच्या मजल्यावरच्या देसायांच्या मुलाने पहिल्याच महिन्यात ती गाडी घेतली, हार घालून चाळीच्या दारात लावली आणि वर येऊन म्हणाला, "काका, चला, तुमची बोट आणलीय." बाबा खाली उतरले. लेंग्यावर सदरा, पायांत स्लिपर. गाडीभोवती एक फेरी मारली आणि टाकीवर तळहात ठेवला. तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात ना, तसा, जरा वेळ दाबून. मुलगा म्हणाला, "बसा ना काका, फोटो काढतो." बाबा बसले नाहीत. पेढा घेतला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जिने चढून वर आले. जिन्यात प्रत्येक मजल्यावर थांबत होते. ते गुडघ्यांमुळे, असं मी तेव्हा धरून चालले.

बाबा नेव्हल डॉकयार्डात होते. वेंगुर्ले तालुक्यातलं निवतीजवळचं गाव सोडून अठराव्या वर्षी मुंबईला आले, डॉकयार्डात अ‍ॅप्रेंटिस लागले आणि बॉयलरच्या कामात जे शिरले ते २००८ साली साठाव्या वर्षी रिटायर होईपर्यंत त्यातच राहिले. ते घरी यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला एक वास असायचा. गरम लोखंड, ग्रीस आणि भिजलेलं अ‍ॅस्बेस्टॉस यांचा मिळून. आई तो कपड्यांबरोबर बादलीत बुडवायची आणि तो कधीच पुरता जायचा नाही. कामाबद्दल बाबा फार बोलत नसत. मी पाचवीत असताना शाळेत वाफेच्या इंजिनाचा धडा होता, तेव्हा मात्र त्यांनी मला मोरीजवळ बसवून बंब दाखवला. बंबात मध्ये जाळ आणि भोवती पाणी. बोटीच्या बॉयलरात उलटं. पाणी नळ्यांत आणि जाळ भोवती. नळ्यांच्या खालच्या टोकाला पाण्याचे जाड ढोल, वरच्या टोकाला वाफेचा. आणि मग आवाज जरा खाली आणून, चाळीत कुणी ऐकत असल्यासारखं, त्यांनी सांगितलं की विक्रांतच्या पाण्याच्या ढोलांना आतून तडे गेले होते.

ती हकीकत पुढे मी पुष्कळ वाचली, पण पहिल्यांदा ऐकली ती बंबाशेजारी. जून १९७० मध्ये विक्रांत मुंबईच्या डॉकयार्डात आणली, तेव्हा बॉयलरच्या ढोलांत बारीक बारीक चिरा सापडल्या. वेल्डिंगने भरून निघणाऱ्या त्या नव्हत्या. नवे ढोल इथे मिळत नव्हते, विलायतेहून मागवायचे होते, आणि ते येईपर्यंत बॉयलर पेटवू नका असा वरून हुकूम होता. सात-आठ महिने ती नुसती उभी. इकडे पूर्वेला युद्धाचे ढग जमत चाललेले. १९६५ च्या लढाईतही ती मुंबईत दुरुस्तीला पडून राहिली होती आणि त्याचा सल नौदलात सगळ्यांच्या मनात होता. कॅप्टन हिरानंदानींनी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल नंदांना सांगितलं की या वेळीही विक्रांत बंदरातच राहिली तर लोक तिला पांढरा हत्ती म्हणतील. मग ठरलं की वाफेचा दाब कमी ठेवायचा, चौरस इंचाला ४०० पौंडांवर जाऊ द्यायचा नाही. चारांतला एक बॉयलर बंद, उरलेल्या तिघांभोवती पोलादी पट्टे आवळायचे, आणि वाफ फुटलीच तर कळावं म्हणून बघायला खिडक्या ठेवायच्या. दाबातली वाफ जिथे फुटते तिथे ती डोळ्यांना दिसत नाही. पांढरी होते ती पुढे हवेत गेल्यावर. माणूस सहज हात पुढे करतो आणि हात जातो. बाबा तेव्हा तेवीस वर्षांचे. मोठी कामं मोठ्या लोकांनी केली; बाबांनी पाने धरले, बत्ती धरली, बोल्ट आवळले. पण आत वाकून, कोपराने रेटा देऊन आवळले.

"पोटाक पट्टो बांधून धाडली तिका," बाबा म्हणाले.

आमच्या घरी आजी बाळंतिणीच्या पोटाला पट्टा बांधायची. जुन्या नऊवारीची लांब पट्टी, दोन बायका दोन टोकांना धरून ओढायच्या. माझ्या डोळ्यांपुढे विक्रांत आली ती तशीच. नुकती खाटेवरून उठलेली, अंगात त्राण नसलेली, आणि दारात कुणीतरी बोलवायला आलेलं.

तशी ती पंचवीस नॉटच्या आसपास पळणारी बोट. १९७१ मध्ये तिला १४ नॉटची मुभा मिळाली, म्हणजे ताशी सव्वीस किलोमीटर. लालबागहून दादरला जाणारी बेस्टची बस रिकाम्या रस्त्यावर याहून जोरात जाते. विमानवाहू बोटीला वेग नुसता पळायला लागत नाही. डेकवरून विमान उडायचं तर समोरून वारा हवा, आणि वारा पडलेला असेल तर बोटीने स्वतः धावून तो तयार करायचा. पट्टा बांधलेल्या बोटीने धावायचं कसं? सी हॉक जेटचं निभायचं, पण आलिझे विमानं उडवताना दर वेळी जिवाशी खेळ असे. तरी ती गेली. मुंबईहून मद्रास, मग विशाखापट्टणम, मग अंदमानातल्या पोर्ट कॉर्नवॉलिसच्या आडोशाला लपून राहिली. तिला शोधायला पाकिस्तानची गाझी पाणबुडी थेट विशाखापट्टणमपर्यंत आली आणि ३ डिसेंबरच्या रात्री तिथेच तळाशी गेली. ४ डिसेंबरला विक्रांतच्या सी हॉकनी कॉक्स बझार आणि चितगावच्या धावपट्ट्यांवर आणि बंदरावर बॉम्ब टाकले. पुढचे दहा-बारा दिवस चितगाव, खुलना, मोंगला असं चालू राहिलं आणि पूर्व पाकिस्तानची समुद्राची वाट बंद झाली. कॅप्टन स्वराज प्रकाशना महावीर चक्र मिळालं.

मुंबईत तेव्हा ब्लॅकआउट. चाळीच्या खिडक्यांना काळे कागद लावलेले, खोलीत एकच दिवा आणि त्यावर वर्तमानपत्राची टोपी. आजी सांगायची की त्या दिवसांत बाबा रेडिओला कान लावून बसायचे, पण बातम्यांत विक्रांतचं नाव आलं की टाळ्या वाजवायचे नाहीत. सगळी चाळ ओरडायची आणि हा गप्प. बॉयलरबद्दल कुठे चकार शब्द काढायचा नाही अशी ताकीद होती, त्यामुळे कुणाला सांगताही येत नव्हतं. त्यांना चितगाव दिसत नसणार. त्यांना बॉयलरच्या त्या खिडकीतून बघत बसलेला स्टोकर दिसत असणार.

बाबा गेल्यावर मी रात्री-अपरात्री जुन्या बोटींबद्दल वाचत बसायला लागले. त्यांच्याशी जे बोलायचं राहिलं ते असं कुठेतरी सापडेल असं वाटायचं. त्यात ब्रिटिशांची वॉरस्पाइट भेटली. ती खरी बॅटलशिप, पंधरा इंची तोफांची, पहिल्या महायुद्धातली. १९१६ मध्ये जटलंडच्या लढाईत तिचं सुकाणू अडकलं आणि जर्मन तोफांसमोर ती गोल गोल फिरत राहिली, मार खात, पण बुडाली नाही. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ती बोटींच्या हिशेबाने म्हातारीच होती. १९४३ मध्ये इटलीत सालेर्नोजवळ जर्मनांचा एक बॉम्ब वरून आत शिरला तो बॉयलररूमपर्यंत गेला. ती ओढत माल्टाला नेली, पुढे जिब्राल्टरला. तळाच्या भोकावर काँक्रीटचं ठिगळ बसवलं. एक बॉयलररूम कायमची गेली, चारांतला एक तोफबुरूज मेलेलाच राहिला. आणि अशा अंगाने ६ जून १९४४ च्या पहाटे ती नॉर्मंडीच्या किनाऱ्यासमोर उभी राहून उरलेल्या सहा तोफांतून मारा करत होती. हे वाचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. बाबा असते तर त्यांना उठवून सांगितलं असतं की तुमच्या बोटीसारखी आणखी एक होती. लढाई संपल्यावर तिला जपून ठेवा म्हणणारे लोक होते, पण देश कर्जात, घरं पडलेली, रेशन चालू. भंगारात विकली. एप्रिल १९४७ मध्ये तोडायला नेताना वादळात दोर तुटले आणि ती कॉर्नवॉलच्या खडकांवर, प्रशिया कोव्हला जाऊन बसली. तिथून तिला तोडायच्या जागी कुणालाही नेता आलं नाही. त्याच किनाऱ्यावर, तिथल्या लोकांच्या डोळ्यांदेखत, ती काही वर्षं तुटत राहिली.

तिच्याच काळातली अमेरिकेची टेक्सास. नॉर्मंडीत सैन्य आत आत सरकत गेलं तसं तोफांचं लक्ष्य लांब गेलं आणि तोफा तेवढ्या वर उचलेनात. तेव्हा तिच्या लोकांनी काय करावं? एका बाजूच्या पोकळीत मुद्दाम समुद्राचं पाणी घेतलं, सगळी बोटच कलती केली, आणि तोफांची तोंडं वर आणली. हे काम कुणा अ‍ॅडमिरलला सुचलेलं वाटत नाही. बोटीचं पोट आतून माहीत असलेल्या कुणाला तरी ते सुचलं असणार असं मला वाटतं, आणि असं वाटायला माझ्याकडे बाबांखेरीज दुसरं कारण नाही. टेक्सास १९४८ पासून संग्रहालय होती. तळ गंजून चाळण झाला, पंप लावून ती तरती ठेवली, राज्याने साडेतीन कोटी डॉलर दिले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ती ओढत गॅल्व्हस्टनच्या गोदीत नेली. माझा भाचा ह्यूस्टनला असतो. त्याने पहाटे किनाऱ्यावर जाऊन व्हिडिओ पाठवला होता. दूरवर एक करडी सावली पाण्यावरून सरकत होती आणि शेजारी कुणीतरी लहान मुलाला खांद्यावर घेतलं होतं. मी तो पुन्हा पुन्हा बघितला. आनंद झाला आणि पोटात तुटलंही.

विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली. नंतर ती संग्रहालय म्हणून लोकांना खुली झाली आणि बाबा आम्हाला एकदा घेऊन गेले. डिसेंबर होता, रांग मोठी होती, ऊन डोक्यावर. आत हँगरमध्ये पंख मिटून उभी असलेली विमानं, जाड रंगाचे थर चढलेल्या भिंती, जुन्या तेलाचा वास. माझा मुलगा विमानांभोवती पळत होता. बाबा एका बंद दारापाशी थांबले. खाली जायचा रस्ता तिथून होता आणि साखळी लावलेली होती. पहाऱ्यावरच्या पोरसवदा नौसैनिकाला ते म्हणाले की मी खाली काम केलंय. तो नम्रपणे म्हणाला, "अंकल, अलाउड नहीं है." बाबांनी मान डोलावली. साखळीपलीकडे हात घालून दाराच्या चौकटीवर ठेवला आणि काढून घेतला. मला पाय दुखत होते, मुलाला भूक लागली होती, आणि मीच म्हटलं, चला आता. ती बोट २०१२ पर्यंत तिथे होती. दादरहून तासाभराच्या रस्त्यावर. आम्ही एकदाच गेलो.

म्हणून सरकारला बोल लावताना माझी जीभ जड होते. बोट पाण्यात ठेवायची म्हणजे रोजचा खर्च. खारं पाणी झोपत नाही, तळाचे पत्रे पातळ होत जातात, वीज, पंप, रंग, माणसं. कायमची जागा शोधली, ऑयस्टर रॉक या बेटाचं नाव निघालं, पैसे लावणारा मिळेना, राज्याने परवडत नाही म्हणून सांगितलं, २०१२ मध्ये धोकादायक म्हणून ती बंद झाली. लिलाव झाला, साठ कोटींच्या आसपास बोली गेली. काही लोक कोर्टात गेले, मुंबईत हरले, दिल्लीत हरले. याच मुंबईत चाळी पडतात आणि माणसं खाली सापडतात, हे मला माहीत आहे. एका बोटीवर शेकडो कोटी घाला असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? तरीही म्हणावंसं वाटतं. जपानने मिकासाचं काय केलं बघा. १९०५ ला त्सुशिमाला रशियाच्या आरमाराशी जिंकलेली बोट. दुसरं महायुद्ध हरल्यावर तिच्यावरच्या तोफा काढल्या आणि डेकवर नाचघर आणि मत्स्यालय उभं केलं. हरलेल्या देशाला तिच्याकडे बघवत नसेल. पण १९६१ पर्यंत त्यांनी ती पुन्हा उभी केली, आणि तिच्यासाठी शब्द टाकणाऱ्यांत अमेरिकेचा अ‍ॅडमिरल निमित्झ होता, ज्याने त्यांचं आरमार बुडवलं तोच. त्याच वर्षी नोव्हेंबरात विक्रांत पहिल्यांदा मुंबईला आली आणि नेहरू तिला घ्यायला बंदरावर गेले होते.

२०१४ च्या नोव्हेंबरात दारूखान्यात, मुंबईतल्या बोटी तोडायच्या जागी, तिच्यावर गॅस कटर चालायला लागला. रोज पेपरात फोटो. बाबा पेपर वाचून घडी घालून उशीखाली ठेवायचे. डिसेंबरातल्या एका रविवारी अचानक म्हणाले, रे रोडला जाऊया. हार्बरची लोकल, पूल उतरून धुळीचा रस्ता, दोन्ही बाजूंना साखळदंड, नांगर, बोटींतून निघालेले संडास आणि बंक ओळीने विकायला मांडलेले. फाटकातून आत सोडत नव्हतेच. बाहेरून कडेने तिचा एक भाग दिसत होता. कापलेली कड. बोट कापली की आतले मजले एखाद्या पाडलेल्या चाळीसारखे उघडे पडतात. अर्ध्या खोल्या, लटकणारे पाइप, एका भिंतीला फिका हिरवा रंग, एकीला पिवळा. वितळलेल्या लोखंडाचा आणि जळक्या रंगाचा वास घशात बसला. मग वरून एक मोठा पत्रा सुटला. आधी तो पडताना दिसला आणि मग आवाज आला, आणि पायांखालची जमीन हलली. कापणारी पोरं विशी-बाविशीची. तोंडाला रुमाल, एकाच्या पायांत साधी चप्पल. बाबा बोटीकडे कमी आणि त्या पोरांकडे जास्त बघत होते. शेवटी म्हणाले, "चल गो. आणखी बघूचा नाय माका."

परतीच्या लोकलमध्ये त्यांना खिडकी मिळाली. शिवडी गेलं, वडाळा गेलं. आम्हाला उतरायचं स्टेशन मागे पडलं होतं आणि दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. मी विचारलं, बाबा, तेव्हा एवढे तडे गेलेली बोट तुम्ही लढायला पाठवलीत, मग आता नुसती उभी ठेवायला का जमलं नाही? मला वाटलं चिडतील. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तेव्हा गरज होती. गरज होती म्हणान बांधलो पट्टो." पुढे काही बोलले नाहीत. मला ते उत्तर तेव्हाही पटलं नव्हतं आणि अजूनही मी ते उलटसुलट करून बघत असते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये एक बातमी आली आणि बाबा लहान मुलासारखे हरखले. विराट, विक्रांतनंतरची विमानवाहू बोट, निवृत्त झाली होती, आणि राज्य मंत्रिमंडळाने ८५२ कोटींची योजना मंजूर केली होती, की तिचं संग्रहालय करायचं आणि तेही सिंधुदुर्गात, निवतीच्या खडकांजवळ. आमच्या घरामागच्या टेंबावरून ते खडक दिसतात. विराटच्या बॉयलरांवरही बाबांची वर्षं गेली होती. "आता ती घराक येतली," असं त्यांनी मला फोनवर तीनदा सांगितलं. गावी काकांना फोन केला, टेंबावरची झाडी तोडून घ्या म्हणाले, म्हणजे नीट दिसेल. फेब्रुवारीत ते गेले. सप्टेंबर २०२० मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, टगने विराटला ओढत मुंबईबाहेर काढलं आणि गुजरातेत अलंगला तोडायला नेलं. टीव्हीवर दाखवत होते, गेटवेवर थोडेसे लोक मास्क लावून उभे. मी टीव्ही बंद केला. बाबा नाहीत याचं त्या दिवशी मला बरं वाटलं, आणि असं वाटल्याचा त्रास अजून होतो.

आता त्याच निवतीच्या समुद्रात गुलदार ही निवृत्त बोट तळाला बसवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं काम सरकारने घेतलं आहे. प्रवाळ धरेल, मासे येतील, पाणबुडे बघायला जातील. गावातल्या पोरांना काम मिळेल, तर मिळू दे. मी पोहायला कधी शिकले नाही.

मुंबईला गेले की लायन गेटसमोर विक्रांतचं स्मारक आहे तिथे जाते. शिल्पकार अर्झान खंबाटांनी तिच्याच पोलादातून केलेलं. भोवती टॅक्सी आणि बस वळत असतात. डॉकयार्ड सुटायच्या वेळी त्या फाटकातून माणसं बाहेर येतात, पाठीला सॅक, कानात इयरफोन, आणि एखाद्याच्या अंगाला वाऱ्यावर तो वास असतो. २०२२ साली नवी विक्रांत आली, कोचीला बांधलेली, तोच आर-अकरा क्रमांक घेऊन. टीव्हीवर तिचा डेक बघताना छाती भरून आली. बाबांच्या फोटोपाशी मी साखर ठेवली.

त्या टाकीने आठवडा काढू दिला नाही तेव्हा पुढच्या बुधवारी ऑफिसातून परस्पर चिखलीला गेले. पर्समध्ये दीडशे रुपये वेगळे काढून ठेवले होते. अंगण तेच, पण पत्र्याचा ढीग नवा. वर पाण्याच्या टाक्या, लोखंडी खाटा, एका रसवंतीचं चाक. तो माणूस कुणाचं तरी वजन करत होता. मी विचारलं, त्याला आठवलं. "तो माल गेला ताई सोमवारी जालन्याला. गेला असेल भट्टीत. सळया होतील."

मी तिथेच उभी राहिले. गिऱ्हाईक पैसे मोजून गेलं तसा तो हात पुसत जवळ आला आणि म्हणाला, "पण काय होती हो ती? तुम्ही त्या दिवशीपण बघत होता." मग मी सांगितलं. विक्रांत, बॉयलर, पट्टे, बाबा, देसायांच्या मुलाची गाडी, सगळं, चिखलात उभं राहून. मध्ये एक टेम्पो आला, त्याने हातानेच थांब म्हटलं. माझं संपल्यावर तो रिकाम्या काट्याकडे बघत थोडा वेळ उभा राहिला.

"तेव्हाच सांगायचं ना ताई," तो म्हणाला. "बाजूला ठेवली असती."